भिंतीस कंठ फुटण्यापूर्वी

भिंतीला कान असतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती म्हण ज्यांनी रूढ केली त्यांना भिंतीला कधी तोंडही फुटेल, याची कल्पना नसावी. आता नवे घर बांधणारा गृहस्थ स्वयंपाकघराचा ओटा आणि देवघराची दिशा ठरवून झाली की, दिवाणखान्याच्या भिंतीत स्पीकर कोठे बसवावेत याचा विचार करू लागतो. घरच्या घरी चित्रपटगृहाचा आनंद मिळावा, स्पीकरच्या पेट्यांनी खोली अडू नये आणि तारांचे जाळे दृष्टीस पडू नये, ही त्यामागची इच्छा असते. ह्या इच्छेत गैर काहीच नाही. परंतु चुकीच्या जागी ठेवलेली पेटी सरकवता येते. चुकीच्या जागी पाडलेले भोक सरकवता येत नाही. म्हणून ह्या महिन्यात त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

निमित्त आमच्या तालुक्यातलेच आहे. काळी नदीवरील सुप्याचे धरण १९८७ साली पुरे झाले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. उठलेल्या कुटुंबांपैकी अनेक जण रामनगरास वसले. त्या वेळी घाईघाईने उभारलेल्या घरांच्या जागी आता पुढची पिढी नवी घरे बांधीत आहे. अशाच एका घराचा मालक, आमचा जुना विद्यार्थी, घराचा नकाशा घेऊन आला. चिऱ्याच्या भिंती छातीइतक्या वर आल्या आहेत, सोमवारी गवंडी पुन्हा कामावर येणार, तेव्हा "सर, स्पीकरसाठी कोनाडे कोठे ठेवू आणि सबवूफर कोणत्या भिंतीत घालू?" हा त्याचा प्रश्न. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचे वडील ऐंशीच्या पुढे आहेत. दूरदर्शनसंचासमोर ते रोज बसतात, पण म्हणतात, "आवाज येतो रे, बोललेले कळत नाही." मोठे स्पीकर आले म्हणजे बाबांना नीट ऐकू येईल, अशी मुलाची समजूत आहे.

आमच्या मते नकाशापेक्षा हे शेवटचे वाक्य अधिक महत्त्वाचे. आवाज येणे आणि बोललेले कळणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि स्पीकरची सारी निवड ह्या भेदावर उभी आहे.

आम्ही जन्मभर व्याकरण शिकविले, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. बोलण्यातील जोर स्वरांत असतो, अर्थाचा भेद मात्र पुष्कळदा व्यंजनांत असतो. 'साल' आणि 'शाल', 'सार' आणि 'चार' ह्यांत फरक आहे तो पहिल्या व्यंजनाचा. स्वरांची कंपने तुलनेने खालच्या पट्टीतली. स, श, च, त ह्यांची ओळख पटविणारी कंपने सेकंदाला दोन हजारांपासून सात-आठ हजारांपर्यंतची. उतारवयात कानाची शक्ती प्रथम वरच्या पट्टीतच क्षीण होते. म्हणून वृद्ध माणसाला स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात. आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. त्यातच खर्जाचा मोठा आवाज आपल्याहून वरच्या पट्टीतील बारीक आवाजाला झाकून टाकतो, हा श्रवणेंद्रियाचा धर्म आहे. तेव्हा बाबांना ऐकू यावे म्हणून सबवूफर मोठा केला, तर बाबांना अधिकच कमी कळेल. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी हे वाक्य अधोरेखित करून ठेवावे. कानाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन यावे हे तर झालेच. कोणताही स्पीकर श्रवणयंत्राचे काम करीत नाही.

आता मांडणीकडे वळू. होम थिएटरच्या बहुप्रचलित मांडणीस ५.१ म्हणतात. पडद्याच्या डावीकडे एक, उजवीकडे एक, मधोमध एक, श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस किंचित मागे एकेक, असे पाच स्पीकर. आणि केवळ खर्जासाठी सबवूफर, तो बिंदूनंतरचा एक. चित्रपटगृहांत ही मांडणी १९९२ पासून डॉल्बी डिजिटल पद्धतीने रूढ होत गेली. पुढे २०१२ पासून छतातूनही आवाज आणणारी डॉल्बी ॲटमॉस पद्धत आली. पण साध्या घराने प्रथम पाचांचा संसार नीट मांडावा, छताकडे मग पाहावे.

ह्या पाचांत वडीलकीचा मान मधल्या स्पीकरचा. चित्रपटातील संवाद मुख्यत्वे त्यातूनच येतात. दुकानात मात्र गिऱ्हाइकाला भुरळ घालतात ते बाजूचे उंच स्पीकर आणि सबवूफरचा दणका. मधला स्पीकर एखाद्या गरीब नातलगासारखा सगळ्यांत लहान व स्वस्त घेतला जातो. हे उलटे आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा नटासमोर ध्वनिक्षेपक नव्हता. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत शब्द स्वच्छ पोहोचणे, ही नटाची पहिली परीक्षा होती. घरातल्या थिएटरलाही आम्ही तीच परीक्षा लावू. समोरचे तीनही स्पीकर एकाच मालिकेतले घ्यावेत, म्हणजे पात्र डावीकडून उजवीकडे चालत गेले तर त्याचा आवाज वाटेत बदलणार नाही.

जागा ठरविताना फूटपट्टीपेक्षा कोनमापक अधिक उपयोगी. बसण्याच्या मुख्य जागेवरून मधला स्पीकर नाकासमोर. डावा व उजवा त्याच्या दोन्ही बाजूंस सुमारे तीस-तीस अंशांवर. मागचे दोन सुमारे एकशेदहा अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या थोडे मागे. उंचीचा प्रश्न आपल्या घरांत निराळाच असतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर, तर सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याचा अडीच फुटांवर. बारीक आवाज सरळ रेषेत जातो. त्याचा छोटा पडदा, ज्यास ट्विटर म्हणतात, तो कानाच्या उंचीच्या जवळ असला पाहिजे. आमचा सल्ला असा की, घरातील वृद्ध ज्या आसनावर बसतात ती उंची धरावी. मुले सतरंजीवर लोळली तरी त्यांचे कान तरुण आहेत. काही स्पीकरांत ट्विटर थोडा वळविता येतो; भिंतीतल्या स्पीकरसाठी ती सोय असलेला नग मिळाल्यास तोच घ्यावा, कारण भिंत काही वळविता येत नाही.

भिंतीचा विचार येथेच केला पाहिजे. भिंतीत बसवायचे स्पीकर मुळात ज्या घरांसाठी घडले ती अमेरिकेतील लाकडी सांगाड्याची घरे. तेथे दोन पातळ फळ्यांमध्ये साडेतीन-चार इंचांची पोकळी असते. फळी कापली, स्पीकर अडकविला, काम झाले. आमच्याकडे भिंत भरीव चिऱ्याची. ह्यात एक लाभ आहे व एक अडचण. लाभ असा की, चिरा थरथरत नाही. पातळ फळी स्पीकरबरोबर स्वतःही गाऊ लागते आणि आवाज गढूळ करते. अडचण अशी की, स्पीकरच्या पाठीमागे जी हवा लागते ती आपण निर्माण करावी लागते. म्हणून भिंत चढत असतानाच कोनाडा सोडावा. आपल्या वाडवडिलांनी दिव्यासाठी, पोथीसाठी कोनाडे ठेवले; हा आवाजाचा कोनाडा समजावा. त्याची लांबी, रुंदी, खोली स्पीकरच्या पत्रकात दिलेल्या मापाप्रमाणे ठेवावी, म्हणजेच नग आधी ठरवावा आणि गवंड्यास मग बोलवावे. पत्रकात मागे किती घनफळाची पेटी हवी हे दिलेले असते. तेवढी पेटी बनवून किंवा विकत घेऊन कोनाड्यात घट्ट बसवावी. कोनाड्यावर फरशीचा तुकडा आडवा घालण्यास गवंड्याला सांगावे, वरच्या चिऱ्याचा भार स्पीकरवर येता कामा नये.

सर्वांत मोठा धोका पावसाचा. जोयड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगणे नको. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. आठ-नऊ इंचांच्या बाहेरच्या भिंतीत पाच इंचांचा कोनाडा पाडला, तर मागे उरणारी पातळ भिंत आषाढात ओल आत पाठविणारच. तेव्हा पावसाची झड ज्या भिंतीवर येते, म्हणजे बहुधा नैऋत्य व पश्चिमेची, तीत स्पीकर कदापि बसवू नये. आतली आडभिंत निवडावी. ती नसेल तर भिंतीवर टांगायचे स्पीकर घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. स्पीकरचा पडदा पॉलिप्रॉपिलीनचा व त्याची कड रबराची असावी. फेसासारख्या फोमची कड दमट हवेत काही वर्षांनी भुगा होऊन गळते, आणि कागदी पडद्यावर बुरशी धरते.

तारा भिंतीतल्या पाइपातून न्याव्यात, म्हणजे उंदीर कुरतडणार नाहीत व पुढे बदलताही येतील. विजेच्या तारा आणि स्पीकरच्या तारा ह्यांचे पाइप वेगळे ठेवावेत, नाहीतर गुणगुण मागे लागते. तारेचा प्रतिकार स्पीकरच्या ओहमच्या विसाव्या हिश्शाच्या आत असला म्हणजे पुरे. दहा मीटर अंतरासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर जाऊन-येऊन वीस मीटरचा प्रतिकार सुमारे ०.१४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरला ०.४ पर्यंत चालतो. सोन्याच्या मुलाम्याच्या महागड्या तारांची गरज कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आता सबवूफर. आमच्या भागातील शिगम्यात घुमट ज्यांनी ऐकले आहे त्यांना सबवूफर समजावून सांगणे सोपे. मातीच्या मडक्याचे एक तोंड कातड्याने मढविलेले, दुसरे लहान तोंड उघडे. वादक एका हाताने थाप मारतो आणि दुसऱ्या हाताने ते लहान तोंड झाकतो, उघडतो. त्यासरशी घुमारा बदलतो. आतली हवा स्वतः डोलू लागते आणि खर्जास बळ देते. ज्या सबवूफरच्या पेटीस भोक असते ती ह्याच तत्त्वावर चालते. थोड्या शक्तीत मोठा घुमारा देते. जी पेटी बंद असते ती घुमारा कमी देते, पण आवाज लवकर थांबविते. तबल्याच्या डग्ग्यावरील मींड ऐकावयाची असेल त्याने बंद पेटी घ्यावी. चित्रपटातील गडगडाट हवा असेल त्याने भोकाची. मध्यम खोलीस दहा इंची पडद्याचा सबवूफर पुरेसा आहे.

तो भिंतीत घालावा काय? आमचे स्पष्ट उत्तर: नाही. कारण असे की, सेकंदाला ऐंशी कंपनांच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो, हे कानास सहसा ओळखता येत नाही. म्हणून सबवूफर डोळ्यांसमोर असण्याची गरज नाही. मात्र तो खोलीत कोठे आहे ह्याने त्याच्या आवाजात मोठा फरक पडतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो. पंधरा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ३८ कंपनांचा स्वर दोन भिंतींमध्ये नेमका बसतो आणि फुगतो. बारा फुटांत ४७ चा, दहा फूट उंचीत ५६ चा. हे तीन फुगवटे वेगवेगळ्या जागी असले तर निभावते. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी ठेवली तर सारे फुगवटे एकाच स्वरावर येतात आणि खोली एकाच सुरात हंबरू लागते. ज्यांची खोली अजून नकाशावर आहे त्यांनी चौरस खोली टाळावी.

ह्या फुगवट्यांमुळे खोलीत कोठे खर्ज दाटतो, कोठे नाहीसा होतो. योग्य जागा हिशेबाने काढण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे. सबवूफर बसण्याच्या मुख्य आसनावर ठेवावा, ओळखीचे गाणे लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत जावे. जेथे खर्जाचा प्रत्येक स्वर सारखा व स्वच्छ ऐकू येईल, तेथे सबवूफर नेऊन ठेवावा. मुख्याध्यापकाने असा सल्ला द्यावा हे काहींना चमत्कारिक वाटेल, पण युक्ती खरी आहे, आणि घरातील मुले ते काम आनंदाने करतात. भिंतीत चिणलेल्या सबवूफरला ही सोय राहत नाही. पेटी लाकडाच्या भुशाची असते, ओल शोषून फुगते. म्हणून जमिनीपासून उंच, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी आणि वाळवीवर लक्ष ठेवावे.

एवढे करूनही आवाज घुमत असेल तर दोष स्पीकरचा नसून खोलीचा असतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. १८९५ साली वॉलेस सॅबाइन ह्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आले. त्यांनी जवळच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून त्या सभागृहात मांडल्या, आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते हे घड्याळ लावून मोजले. त्यातून जो नियम निघाला तो आजही वापरतात. त्या नियमाने पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद, दहा फूट उंच अशी रिकामी, गुळगुळीत गिलाव्याची व फरशीची बंद खोली पाहिली, तर तीत आवाज तीन सेकंदांच्या आसपास रेंगाळतो. बोलणे स्वच्छ कळावयास तो अर्ध्या सेकंदात विरला पाहिजे. उपाय घरातच आहेत. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट, आणि मागच्या भिंतीवर टांगलेली आजीची गोधडी. सॅबाइन यांनी शोषणाचे माप म्हणून उघडी खिडकी धरली होती. तीतून गेलेला आवाज परत येत नाही. तो शेजाऱ्याकडे जातो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

शेजाऱ्याचा प्रश्न हा केवळ सौजन्याचा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खर्ज भिंत ओलांडून जातो. पलीकडे कोणाची परीक्षा असते, कोणाचे आजारपण. घरातल्या मुलांच्या कानांचाही विचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी आठवड्यास ४० तास ७५ डेसिबलपर्यंतचे ऐकणे सुरक्षित मानले आहे. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

खरेदीस बेळगाव किंवा हुबळीस जाल तेव्हा खोक्यावरील वॅटच्या आकड्यांना भुलू नये. पीएमपीओ म्हणून जो हजारोंचा आकडा छापतात तो क्षणमात्रही खरा ठरेल की नाही याची शंका. आरएमएस म्हणून दिलेला आकडा तेवढा विचारावा. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो; कानास दुप्पट वाटावयास दसपट शक्ती लागते. उलट एका वॅटला ८७ ऐवजी ९० डेसिबल देणारा स्पीकर निवडला, तर ॲम्प्लिफायर आपोआप दुप्पट झाल्यासारखा होतो. बरोबर आपल्या कानांच्या ओळखीचे काहीतरी न्यावे: मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व यांचे गाणे, आणि एखाद्या मराठी नाटकाचे ध्वनिमुद्रण. दुकानदार स्फोट आणि विमाने ऐकवील. आपण संवाद ऐकवावयास सांगावे. डोळे मिटून प्रत्येक व्यंजन कळते का, एवढेच पाहावे.

पैशाचा हिशेब आम्ही जुन्या पद्धतीने सोळा आण्यांत मांडतो. समोरच्या तीन स्पीकरांस सात आणे, त्यांतला मोठा वाटा मधल्याचा, ॲम्प्लिफायरला चार, सबवूफरला तीन, मागच्या जोडीस एक, आणि तारा, पाइप, चांगले अर्थिंग ह्यांस एक. हा शेवटचा आणा वाचविण्याचा मोह अनेकांस होतो. वळवाच्या पहिल्या विजेने तो मोह फिटतो. गडगडाट सुरू होताच प्लग काढून ठेवावा, हा नियम घरातील सर्वांत लहान मुलासही शिकवावा. ज्यांचा एकूण रुपयाच लहान असेल त्यांनी मागची जोडी व सबवूफर पुढच्या वर्षावर टाकावेत, पण त्यांच्या तारांचे पाइप आजच भिंतीत घालून ठेवावेत.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांस आणखी एक गोष्ट लागू आहे. आपली मुले शाळेत कानडी, गुजराती किंवा हिंदी ऐकतात, आणि ते योग्यच आहे. मराठीचा स्वच्छ उच्चार त्यांच्या कानी पडण्याची जागा बहुतेक वेळा दिवाणखाना हीच असते. तेथील स्पीकर 'साल' आणि 'शाल' ह्यांत भेद दाखवीत नसेल तर नुकसान केवळ आजोबांचे होत नाही.

सारे जोडून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी सबवूफर बंद ठेवावा. एखादे संवादप्रधान नाटक लावावे, घरातील सर्वांत वडील माणसास मधल्या आसनावर बसवावे आणि आवाज हळूहळू वाढवीत न्यावा. ते हसण्याच्या जागी हसू लागले की तेथे थांबावे. मग खर्ज थोडा थोडा आणावा, आणि त्यांनी "काय म्हणाला?" असे विचारले की एक पाऊल मागे घ्यावे. ती खूण बटणावर रंगाच्या ठिपक्याने करून ठेवावी, म्हणजे पाहुण्यांच्या आग्रहाखातर बदलली तरी पुन्हा सापडेल.